घरचे डोनट आणि हातांची लाज

शाळेच्या वार्षिक अंकांत खाद्यपदार्थांविषयीं लिहिणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. विद्या, शील, शिस्त आणि परीक्षांचे निकाल असे गंभीर विषय सोडून शिक्षकानें कढई आणि झारा यांची चर्चा कां करावी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं हा लेख शेवटपर्यंत वाचावा. गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं एका कढईपुढें उभें राहून आम्ही जें शिकलों, तें आमच्या वीस वर्षांच्या अध्यापनांत फळ्यापुढें उभें राहून आम्हांस शिकतां आलें नव्हतें.

प्रसंग साधा आहे. संमेलनाच्या अल्पोपहारास काय असावें याचा विचार विद्यार्थ्यांच्या समितीनें केला आणि एकमतानें ठरविलें कीं, यंदां वडे किंवा पोहे नकोत. शहरांतील एका दुकानांतून डोनट मागवावे. डोनट म्हणजे मैद्याचें, कंकणासारखें, तुपांत वा तेलांत तळलेलें आणि वरून साखरेच्या लेपानें मढविलेलें अमेरिकन पक्वान्न. मुलांची हौस आम्हांस समजते. परंतु त्या दुकानांतील एका डोनटाची किंमत इतकी कीं, तेवढ्या पैशांत एखाद्या लहान कुटुंबाची दोन दिवसांची भाजी यावी. वर्गणीची यादी फिरूं लागली. चार दिवसांनीं ती आमच्या हातीं आली, तेव्हां अकरा नांवांपुढें ‘येणार नाहीं’ असें लिहिलेलें होतें. कोणाच्या घरीं लग्न होतें, कोणास गांवीं जावयाचें होतें, कोणाचें पोट बिघडणार होतें! पोट बिघडण्याचा दिवस आठवडाभर आधीं ठरलेला पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें आणि मग त्या हंसण्याची लाज वाटली.

आम्हीं समितीस बोलावून सुचविलें कीं, डोनट विकत न आणतां शाळेंतच करावे. त्यावर तीन आक्षेप निघाले. पहिला, हा पदार्थ परदेशी आणि यंत्रावर होणारा, तो घरीं साधणार नाहीं. दुसरा, घरीं केलेल्यास दुकानाची ऐट येणार नाहीं. आणि तिसरा, जो मोठ्यानें कोणी बोललें नाहीं परंतु मुलग्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होता, तो हा कीं, तळणें हें मुलग्यांचें काम नव्हे. या तीन आक्षेपांचें उत्तर देणें हाच या लेखाचा हेतु आहे.

पहिल्या आक्षेपांतील अर्धा भाग खरा आहे. पदार्थ परदेशी आहे, परंतु त्याचा जन्म यंत्रावर झाला नाहीं. हॉलंडमधून अमेरिकेंत जाऊन न्यूयॉर्कच्या परिसरांत वसलेले लोक ‘ओलीकूक’ म्हणजे ‘तेलांतली पोळी’ या नांवाचे गोड गोळे तळीत असत. वॉशिंग्टन आयर्व्हिंग या ग्रंथकारानें १८०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कच्या विनोदी इतिहासांत या गोळ्यांचा ‘डोनट’ या नांवानें उल्लेख आढळतो. त्या काळीं त्यांस मध्यें छिद्र नसे. तें छिद्र आपण पाडलें, असें मेन प्रांतांतील हॅन्सन ग्रेगरी नांवाचे एक वृद्ध नाविक सांगत असत. १९१६ सालीं त्यांनीं एका वर्तमानपत्रास सांगितलें कीं, १८४७ सालीं, सुमारें सोळा वर्षांचे असतांना, गोळ्याच्या कडा तळून निघत पण मधला भाग कच्चा राही, म्हणून आपण जहाजावरील मिरपुडीच्या डब्याच्या झांकणानें तो मधला भाग काढूनच टाकला. कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यांतील शास्त्र खरें आहे. उष्णता बाहेरून आंत शिरते. मध्यच नाहींसा केला म्हणजे तिला जावयाचें अंतर अर्ध्यावर येतें. आमच्या कोंकणांतील भरडाच्या वड्यांस आणि दक्षिणेकडील मेदुवड्यांस छिद्र पाडणाऱ्या गृहिणींस हें शास्त्र कोणत्याही नाविकानें शिकविलेलें नव्हतें.

यंत्र पुढें आलें. न्यूयॉर्कमध्यें एडॉल्फ लेविट यांनीं १९२० सालीं डोनट तळण्याचें स्वयंचलित यंत्र चालविलें आणि तेव्हांपासून हा पदार्थ दुकानदारीचा झाला. परंतु त्याच्या अगोदर अवघीं तीन वर्षें त्यास जी कीर्ति मिळाली, ती यंत्रामुळें नव्हे. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, मुक्तिफौजेच्या कांहीं स्त्रिया फ्रान्समधील अमेरिकन सैनिकांच्या सेवेस गेल्या होत्या. पावसानें चिखल झालेला, सैनिक घराच्या आठवणीनें व्याकुळ झालेले, आणि जवळ सामग्री म्हणावी तर पीठ, साखर, चरबी, डब्यांतील दूध आणि बेकिंग पावडर. मार्गारेट शेल्डन आणि हेलन पर्व्हायन्स या दोघींनीं त्या सामग्रीचे डोनट करावयाचें ठरविलें. लाटणें नव्हतें, म्हणून रिकाम्या बाटलीनें पीठ लाटलें. लहानशा तव्यांत एका वेळीं सातच मावत. तरी पहिल्या दिवशीं त्यांनीं दीडशें डोनट तळून वांटले. शिकागो शहरांत १९३८ सालीं मुक्तिफौजेनें गरजूंच्या मदतीसाठीं ‘डोनट दिन’ सुरू केला, तो याच सेवेच्या स्मरणार्थ. आतां विचार करावा: युद्धभूमीवर, बाटलीचें लाटणें करून जें साधलें, तें गॅसची शेगडी, ओटा आणि नळाचें पाणी असलेल्या आमच्या घरांत कां साधूं नये?

डोनटाच्या दोन जाती आहेत, हें येथें सांगितलें पाहिजे. एक यीस्ट घालून फुगविलेली. तिला कणीक तास-दोन तास आंबवावी लागते आणि तिचें तंत्र नवशिक्यास कठीण जातें. दुसरी केकच्या जातीची. ती बेकिंग पावडरीनें फुलते, आंतून केकसारखी रवाळ आणि बाहेरून खुसखुशीत होते, आणि तिला अर्ध्या तासाच्या विसाव्यापलीकडे कांहीं लागत नाहीं. घरच्या कामास आम्ही या दुसऱ्या जातीचाच पुरस्कार करितों.

बेकिंग पावडरीचा इतिहासही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या रसायनविक्रेत्यानें १८४३ सालीं अशी पूड तयार केली. कारण त्याच्या पत्नीस यीस्ट सोसत नसे. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एबेन हॉर्सफोर्ड यांनीं १८५६ सालीं त्यासाठीं लागणाऱ्या आम्लयुक्त फॉस्फेटाचें पेटंट मिळविलें. पुडींत खाण्याचा सोडा आणि एखादें कोरडें आम्ल असतें. कोरडेपणीं दोघे शांत राहतात. ओलावा व उष्णता मिळतांच त्यांचा संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायु निघतो आणि त्याचे बुडबुडे पिठांत अडकून पीठ फुलतें. नवव्या इयत्तेंत आम्ही हेंच समीकरण फळ्यावर लिहितों आणि मुलें तें उतरून घेतात. ज्यानें तें एकदां कढईंत घडतांना पाहिलें, त्यास तें पुन्हां पाठ करावें लागत नाहीं. पूड जुनी झाली आहे कीं काय याची शंका आल्यास चिमूटभर पूड ऊन पाण्यांत टाकावी. फसफसली तर कामाची, नाहीं तर फेंकून द्यावी.

आतां कृति सांगतों. सुमारें दहा-बारा डोनटांस मैदा अडीचशें ग्रॅम, बारीक साखर शंभर ग्रॅम, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, खाण्याचा सोडा पाव चमचा, मीठ अर्धा चमचा आणि जायफळाची पूड पाव चमचा घ्यावी. जायफळ हा डोनटाचा प्राण आहे. आमच्या श्रीखंडास आणि पुरणास तें जसें साजतें, तसेंच येथेंही. दुसऱ्या भांड्यांत एक अंडें फेंटून त्यांत दाट आंबट ताक एकशें वीस मिलिलिटर आणि वितळवून निवविलेलें लोणी तीस ग्रॅम मिसळावें. ज्यांच्या घरीं अंडें चालत नाहीं त्यांनीं त्याऐवजीं पन्नास ग्रॅम घट्ट दहीं घ्यावें. कोरडें मिश्रण दोनदां चाळून त्यांत हें ओलें मिश्रण ओतावें आणि पीठ एकत्र होण्यापुरतेंच हलक्या हातानें कालवावें.

येथेंच नवशिके चुकतात, आणि आम्हीही चुकलों. पोळीची कणीक जशी तिंबावी तशी ही तिंबूं नये. मैद्यांत पाणी पडून तो मळला गेला म्हणजे ग्लुटेन नांवाचा चिवट द्रव्यसमूह तयार होतो. पोळीस तो हवा. डोनटास तो घातक होय. पीठ थोडें चिकट, थोडें ओबडधोबड दिसलें तरी भिऊं नये. तें झांकून अर्धा तास थंड जागीं किंवा शीतकपाटांत ठेवावें, म्हणजे आपोआप सुधारतें. मग पोळपाटावर मैदा भुरभुरून एक सेंटिमीटरहून किंचित जाड लाटावें. पेल्याच्या कडेनें वाटोळे तुकडे कापावे आणि बाटलीच्या झांकणानें मध्यें छिद्र पाडावें. मधले गोळे टाकूं नयेत, तेही तळावे. लहान मुलांस डोनटापेक्षां तेच अधिक आवडतात.

तेल एकशें पंच्याहत्तर ते एकशें नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलें असावें. उष्णतामापक घरोघरीं नसतो. म्हणून पिठाची बारीक गोळी टाकून पाहावी. गोळी तळाशीं बसून राहिली तर तेल थंड आहे, आणि डोनट तेल पिऊन जड होतील. टाकतांच काळवंडली तर तेल अति तापलें आहे, आणि डोनट बाहेरून करपून आंत कच्चे राहतील. गोळी वर येऊन, भोंवतीं बुडबुडे काढीत, सुमारें एका मिनिटांत बदामी झाली तर तेल योग्य जाणावें. एका वेळीं तीन-चारच सोडावे. अधिक सोडल्यास तेलाची उष्णता एकदम उतरते. एक बाजू एक-दीड मिनिट, दुसरी तितकीच, आणि मग कागदावर किंवा जाळीवर काढावे. आणखी एक सूचना, जी विनोदाची नव्हे: तेलानें पेट घेतल्यास त्यावर पाणी कदापि टाकूं नये, शेगडी बंद करून कढईवर झांकण घालावें. मोठें माणूस जवळ असल्याशिवाय मुलांनीं हें काम करूं नये.

वरच्या लेपाविषयीं दोन शब्द अधिक लिहितों, कारण दुकानाची ऐट जी काय असते ती त्या लेपांतच असते. अमेरिकेंत अलीकडे गोड आणि खारट यांचा संयोग लोकप्रिय झाला आहे. ओरेगॉन प्रांतांतील पोर्टलंड शहरीं २००३ सालीं निघालेल्या एका दुकानानें मेपलच्या पाकावर डुकराच्या खारविलेल्या मांसाचे, म्हणजे बेकनचे, कुरकुरीत तुकडे ठेवलेला डोनट गाजविला. मेपल हा त्या देशाचा वृक्ष. हिंवाळा सरतां सरतां त्याच्या बुंध्यास भोंक पाडून रस काढितात आणि सुमारें चाळीस भाग रस आटवून एक भाग पाक मिळवितात. ही विद्या युरोपीय लोक येण्यापूर्वीं तेथील मूळच्या रहिवाशांस अवगत होती. आमच्या इकडे मेपलचा पाक महाग, आणि नाना धर्मांचीं मुलें एका पंक्तीस बसतात तेथें बेकन अयोग्य. परंतु तत्त्व घेतां येतें. आटविलेल्या रसाचा सुवास गुळांत आहे आणि खारट कुरकुरीतपणा भाजलेल्या शेंगदाण्यांत.

म्हणून शंभर ग्रॅम गूळ, पंचवीस ग्रॅम लोणी आणि दोन मोठे चमचे पाणी मंद आंचेवर विरघळवावें, गाळून घ्यावें, पुन्हां एक उकळी आणावी आणि त्यांत पाव चमचा मीठ घालावें. पाक चिक्कीइतका कडक करूं नये. बोटास चिकटेल इतकाच असावा. डोनट कोमट असतांना त्याची एक बाजू या पाकांत बुडवावी आणि वर भाजलेल्या शेंगदाण्यांचें जाडसर कूट, भाजलेले तीळ, मीठ आणि अगदीं चिमूटभर तिखट यांचें मिश्रण भुरभुरावें. मिठानें गोडी वाढते ही केवळ कल्पना नव्हे. ब्रेस्लिन व बोशँप या संशोधकांनीं १९९७ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, मीठ कडवटपणाची जाणीव दाबतें, आणि त्यामुळें गोडी मोकळी होऊन जिभेस अधिक भासते. गुळांत किंचित कडसर छटा असतेच. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी वाढणाऱ्या आणि चिंचगुळाची आमटी रोज करणाऱ्या आमच्या आयाबहिणींस या शोधाचें नवल वाटणार नाहीं.

येथवर पहिल्या दोन आक्षेपांचें उत्तर झालें. आतां तिसरा, आणि त्याकरितांच वास्तविक हा लेख आहे.

संमेलनाच्या आदल्या दिवशीं आम्हीं कामाची वांटणी केली. पीठ कालविणें व तळणें मुलींकडे दिलें. बांक उचलणें, मांडव बांधणें मुलग्यांकडे. अशी वांटणी करितांना आमच्या मनांत एक क्षणही प्रश्न आला नाहीं, ही गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. पहिला घाणा आम्हीं स्वतः उत्साहानें तिंबलेल्या पिठाचा होता. तो चामड्यासारखा चिवट झाला. दुसऱ्या घाण्याचें पीठ बरें होतें, परंतु तेल अति तापलें. डोनट पाहतां पाहतां काळवंडले, आणि फोडून पाहतों तों आंत कच्चें पीठ. मुली गोंधळल्या, आम्ही त्यांहून अधिक गोंधळलों. इतक्यांत बांक घेऊन दारावरून जाणारा नववीचा एक विद्यार्थी थबकला आणि म्हणाला, “सर, गॅस बारीक करा. आणि आधीं एक गोळी टाकून बघा.”

आम्हीं त्यास आंत बोलाविलें. त्यानें बांक ठेवला, हात धुतले, झारा घेतला. गोळी टाकली, वाट पाहिली, पुन्हां टाकली. मग कढईच्या कडेनें एक एक डोनट असा सोडला कीं तेलाचा थेंबही उडाला नाहीं. तिसरा घाणा सोनेरी निघाला. मुलींनीं टाळ्या पिटल्या. आम्हीं सहज विचारलें, “अरे, तूं हें कोठें शिकलास?” त्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “असंच, सर,” आणि खालीं पाहून तळूं लागला.

संध्याकाळीं सर्व गेल्यावर तो आमच्याजवळ आला. त्याची आई चार घरचा स्वयंपाक करिते. दिवाळींत आणि नाताळांत करंज्या, चकल्या, अनारसे यांच्या मागण्या घेते. रात्रीं अकरा-बारापर्यंत ती लाटते आणि हा तळतो. हें सांगून तो म्हणाला, “सर, वर्गांत सांगूं नका. पोरं चिडवतील.” वर्गणीच्या यादींत ‘गांवीं जाणार’ असें लिहिणाऱ्या अकरांपैकीं तो एक होता, हें आम्हांस तेव्हां आठवलें.

आम्हीं त्यास काय सांगावें? श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर आम्हीं अनेक निबंध तपासले आहेत आणि त्यांस गुणही दिले आहेत. परंतु त्या क्षणीं आमच्या तोंडून एक वाक्य निघालें नाहीं. कारण ही लाज आम्हांस परकी नव्हती. आम्ही स्वतः मिशनच्या वसतिगृहांत राहून शिकलों. फी भरण्याची ऐपत नव्हती, म्हणून तीन वर्षें रोज पहाटे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांतील मोठीं पातेलीं घासलीं. पुढें महाविद्यालयांत गेल्यावर नखांतील काजळी दिसूं नये म्हणून आम्ही हात खिशांत घालून चालत असूं. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, शेंकडों मुलांस आम्हीं शिकविलें. परंतु त्या पातेल्यांची गोष्ट वर्गांत एकदांही सांगितली नाहीं. शिक्षक जी गोष्ट वीस वर्षें खिशांत लपवितो, ती विद्यार्थ्यानें उघड हातांनीं मिरवावी अशी अपेक्षा तो कोणत्या तोंडानें करणार?

म्हणून आमचें मत असें झालें आहे कीं, स्वयंपाक हा विषय शाळेनें मुलामुलींस सारखाच शिकवावा. आणि तोही ‘गृहशास्त्र’ म्हणून मुलींच्या माथीं मारलेल्या तासापुरता नव्हे, तर रसायनशास्त्र, गणित आणि परोपकार यांचा संयुक्त तास म्हणून. ज्या मुलग्यास आपली न्याहारी करितां येत नाहीं, तो आयुष्यभर कोणत्या ना कोणत्या स्त्रीच्या श्रमावर अवलंबून राहतो आणि त्या श्रमाची किंमत मात्र त्यास कधीं कळत नाहीं. ज्यानें उन्हाळ्याच्या दुपारीं तासभर कढईपुढें उभें राहून शंभर डोनट तळले, तो घरीं जाऊन ‘आज मीठ कमी पडलें’ असें म्हणण्यापूर्वीं एक क्षण थांबेल, अशी आमची खात्री आहे. आणि ज्याची आई परक्या घरीं स्वयंपाक करिते, त्याच्या ज्ञानास शाळेंत मान मिळाला, तर त्यास आपल्या आईचें काम लपविण्याचें कारण उरणार नाहीं.

याविरुद्ध कांहीं पालक म्हणतील कीं, मुलें शाळेंत शिकावयास येतात, तळावयास नव्हे. त्यांस आम्ही नम्रपणें विचारतों कीं, अडीचशें ग्रॅमचें प्रमाण दहापट करणें हें गणित नव्हे काय? सोडा आणि ताक यांचा संयोग हें रसायन नव्हे काय? दुसरे म्हणतील कीं, तळलेलें गोड खाणें आरोग्यास वाईट. हा आक्षेप आम्ही मान्य करितों. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं, वरून घातलेल्या व तत्सम साखरेपासून मिळणारी ऊर्जा आहारांतील एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी. मोठ्या माणसास तें दिवसाला सुमारें पन्नास ग्रॅम होतें. वर सांगितलेल्या कृतींत साखर व गूळ मिळून दोनशें ग्रॅम, म्हणजे बारा डोनट झाल्यास प्रत्येकीं सुमारें सतरा ग्रॅम. म्हणजे एकाच डोनटांत त्या मर्यादेचा एक-तृतीयांश संपला. लहान मुलांची मर्यादा तर याहूनही कमी. हा हिशेब दुकानांतील खोक्यापुढें कोणी करीत नाहीं. आपल्या हातानें साखर तोलणाऱ्यास तो करावाच लागतो. डोनट हें सणाचें खाणें आहे, रोजचें नव्हे, आणि घरीं करण्याची खटपट हीच त्यावरची उत्तम मर्यादा होय. जें करावयास अर्धा दिवस लागतो, तें माणूस रोज खात नाहीं.

संमेलनाच्या दिवशीं एकशें वीस डोनट झाले. कांहीं वांकडे, कांहीं छिद्र बुजलेले, कांहींचा लेप ओघळलेला. दुकानाच्या कांचेंत कोणी ते मांडले नसते. खर्च विकतच्या डोनटांच्या मानानें इतका अल्प आला कीं, वर्गणीची यादी आम्हीं फाडून टाकली. यादींतील अकराही मुलें आलीं. ज्याचें पोट बिघडणार होतें त्यानें तीन खाल्ले. एका पालकांनीं विचारलें, “हे कोणत्या दुकानांतले?” तेव्हां मुलींनीं त्या विद्यार्थ्याकडे बोट दाखविलें. तो बांकांच्या मागें उभा होता. बाहेर आला नाहीं.

हा लेख लिहिण्यापूर्वीं आम्हीं त्याची व त्याच्या आईची परवानगी घेतली. आई म्हणाली, “लिहा, सर. लपवण्यासारखं काय आहे त्यांत?” मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “लिहा, पण नांव नको.” म्हणून नांव दिलेलें नाहीं. आमच्या शाळेचें काम अद्याप किती शिल्लक आहे, तें या नसलेल्या नांवानें दाखविलें आहे.

येत्या वर्षीं प्रत्येक इयत्तेनें पाळीपाळीनें एक पदार्थ करावा, पाळींत मुलगे व मुली निम्मे निम्मे असावे, आणि ज्या विद्यार्थ्यास जें घरीं येत असेल तें त्यानें इतरांस शिकवावें, अशी सूचना आम्हीं मुख्याध्यापकांपुढें ठेवली आहे. पहिल्या पाळीस पातेलीं घासण्याचें काम आम्हीं आपल्याकडे मागून घेतलें आहे. आम्हांस तें चांगलें येतें. आणि तें आम्ही कोठें शिकलों असें कोणी विचारल्यास, या वेळीं आम्ही सांगणार आहों.